पडवीतलं शिसं

१२ मे

ही वही ओंकाररावांनी दिली. ते आमचे जावई. पेणला त्यांचं इलेक्ट्रिक रिक्षा दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाले, "आई, बाबा तोंडी काही ऐकत नाहीत. दोन्ही बॅटऱ्या घरात वापरून बघा आणि लिहीत जा. शिशाची कशी चालते, लिथियमची कशी चालते. पावसाळा संपला की वाचून ठरवू."

आमचं दुकान किहीमच्या रस्त्याला आहे, पंचवीस वर्षांपासून. शिशाच्या बॅटऱ्या: ट्रकच्या, होडीच्या, घरच्या इन्व्हर्टरच्या. ओंकाररावांना वाटतं आता लिथियमची एजन्सी घ्यावी. कॉटेजवाले तीच मागतात.

नवऱ्याला तोंडाने मी "अवो" म्हणते, पण वहीत केतन लिहीन. ओंकाररावांना द्यायचं तेवढं वेगळं उतरवून देईन. बाकीचं माझं.

केतन चहा पिता पिता म्हणाले, "लिव, लिव. माज्या तक्रारी पन लिव. बारा पानं ठेव त्याला."

१५ मे

लिथियमची बॅटरी बसवली. ओंकारराव ती एका हाताने, पिशवीसारखी घेऊन आले. तेरा किलो. आमची शिशाची पंचावन्न किलोची. तिला हलवायचं तर दोन माणसं आणि चार शिव्या लागतात.

शिशाच्या बॅटरीला दर महिन्याला बॅटरीचं पाणी घालावं लागतं. टर्मिनलवर खाऱ्या वाऱ्याने पांढरं-हिरवं फुलतं ते पुसून व्हॅसलीन लावावं लागतं. भरायला आख्खी रात्र घेते. तीन वर्षं, फार तर चार. लिथियमची तीन तासांत भरते, पाणी नको, दहा वर्षं चालते म्हणतात.

मी हे मोठ्याने वाचून दाखवलं, तर केतन म्हणाले, "शिशाची म्हंजे म्हस. पानी पाज, धू, पुस. पन मेली तरी कातडं इकलं जातं. ही तुजी लिथियम म्हंजे शहरातली सून. दिसायला झ्याक, काम चटचट, पन गेली की तिचं काय करायचं ते कुनालाच म्हाईत न्हाय."

"दहा वर्षांनी जाईल ती, बाबा," ओंकारराव म्हणाले.

"दहा वर्सांनी मी तरी कुटं हाय?"

असलं बोललेलं मला आवडत नाही. पण सगळे हसले, मीही हसले.

२१ मे

दुपारी पाच तास वीज नव्हती. पुढच्या खोलीला लिथियम, मागच्या खोलीला शिसं. शिशाचा पंखा साडेतीन तासांनंतर दमायला लागला. आधी जरा हळू, मग आणखी हळू, मग पाती मोजता यायला लागली. तो संपणार हे आधीच कळतं. लिथियमचा पंखा पाच तास एकाच वेगाने फिरत राहिला. एकदा मुद्दाम ती पूर्ण रिकामी करून बघितली, तर फिरता फिरता एकदम बंद. काही इशारा नाही.

ओंकाररावांसाठी लिहिलं: लिथियम जास्त वेळ चालते. माझ्यासाठी लिहिते: मला सांगून जाणारी बरी वाटते.

२ जून

समुद्र बंद झाला. होड्या वर ओढल्या. आता दोन महिने कोळीवाड्यात जाळी दुरुस्त होतील. थळची कृष्णाबाई आली, दरवर्षीसारखी. तिला जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या हव्यात. बाजारच्या गोळ्या तिला पटत नाहीत. "केतनच्या गोलीला वजन हाय. बाजारची पान्यात नाचते."

हे आमचं पावसाळ्यातलं जोडकाम. मेलेल्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या प्लेटा काढायच्या, कढईत वितळवायच्या आणि साच्यात ओतायच्या. केतनना ते त्यांच्या वडिलांनी, माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा तेवढाच हाताला उद्योग. लिथियमच्या बाजूला मी लिहिलं: जुनी कुणी घेत नाही. शिशाच्या बाजूला लिहिलं: काही वाया जात नाही.

९ जून

दुकानामागची पत्र्याची शेड गळते. आज वितळलेल्या शिशात पावसाचा थेंब पडला आणि कढई फटाक्यासारखी उडाली. केतनच्या बाहीला चार भोकं पडली. नशीब, डोळा वाचला. मीच म्हटलं, "घरी करा. मागच्या पडवीत. कौलं चांगली हायत, दार लावून घेतलं की वारा नाय, पाऊस नाय."

पडवीत माझी पाणी तापवायची चूल आहे. मातीची, मीच घातलेली, दरवर्षी मीच सारवते. केतन खूश झाले. चूल एकसारखी धगते म्हणाले. सकाळी आंघोळीचं पाणी, दुपारी शिसं. कढईवर येणारी मळी पळीने काढून ते चुलीच्या कडेला ठेवतात, ती थंड झाली की पोरींनी तोंडाला लावलेल्या मुलतानी मातीसारखी दिसते.

दार लावल्यामुळे पडवीत जरा कोंदतं. पण गिऱ्हाइकाचा त्रास नाही आणि माणूस घरात डोळ्यांसमोर राहतो.

१८ जून

केतनचं पोट पुन्हा दुखतंय. चार-चार दिवस साफ होत नाही. दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन पडतात. गावच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, कोलमाची, बारीक सुक्या मासळीची चटणी कमी करा. रंगही उतरलाय. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसते. मी म्हटलं, मिशरी सोडा आता, जावई आलाय घरात. तर उखडले. असे उखडत नसत. "मना शिकवू नको," म्हणून ताट सरकवलं. नंतर स्वतःच आले, "काय म्हनालो मी मगाशी?" खरंच विसरले होते.

उजवं मनगटही धरलंय. पंचवीस वर्षं पंचावन्न किलोच्या बॅटऱ्या उचलल्या, धरणारच. लिथियमचं हे एक मात्र खरंच चांगलं, म्हणून ते ओंकाररावांच्या पानावर लिहून ठेवलं: वजन कमी, माणसाचे हात वाचतील.

२६ जून

आमची लेक दिपाली येतेय. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच.

आज फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. कुठेतरी चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली, आख्खा जिना काळा. ती लिथियमचीच बॅटरी. मी ओंकाररावांना लगेच फोन केला.

"आई, ती वेगळी, आपली वेगळी. आपली फॉस्फेटवाली आहे, ती अशी पेटत नाही."

"नसेल पेटत. पन घरात पोटुशी येतेय, मग बाळ येईल. मला झोप लागायची नाय. तुमची बॅटरी दुकानात ठेवते. घरात आपली जुनीच बरी."

ते बरं म्हणाले. जावई आहेत, सासूशी किती वाद घालणार? केतननी एका डाव्या हाताने ती उचलून रिक्षात ठेवली. मी ठिकाण नीट पुसलं आणि दोघांनी मिळून तिथे शिशाची ओढून घेतली. जड जाग्यावर बसली की कसं निश्चिंत वाटतं.

ओंकाररावांच्या पानावर लिहिलं: शिसं, सुरक्षित. इतक्या वर्षांत कुणाला इजा नाही.

४ जुलै

आली माझी पोर. पोट छान गोल दिसतंय, चेहरा मात्र पांढरा. पेणच्या डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलंय, लोहाच्या गोळ्या दिल्यात. मी म्हटलं, माहेरचं खाल्लं की भरेल रक्त.

आल्या आल्या तिने माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात तिचे लहानपणचे गजगे, सागरगोट्यांसारखे खेळायचे. गजगे कसले, बाबांनी ओतून दिलेल्या शिशाच्या गोळ्याच त्या, पाच. ओटीवर बसून खेळली. हातात किती सराईत बसतात अजून. केतन खेळायला बसले, पण उजव्या हाताच्या पाठीवर एकही गोळी ठरेना. हातच खाली लोंबत होता.

"बाबा, चिटिंग करून हरताव तुमी."

"नातीला जिंकू देनार हाय. तुला कशाला?"

"नात कशावरून?"

"मना म्हाईत हाय."

११ जुलै

दिपालीला डोहाळे लागलेत ते भाजक्या मातीचे. मला हसूच आलं. तिच्या वेळी मलाही हेच. सासूबाई म्हणायच्या, मातीचं पोर होईल. आमच्याकडे बायका पोटुशी असताना चुलीची भाजकी माती खातातच, त्यात नवल नाही. पावसाचा वास असतो तिला.

ती लाजून मागत नव्हती, नुसती पडवीच्या दारात घुटमळत होती. मग मीच चुलीच्या कडेचा एक टवका काढून तिच्या हातात ठेवला. डोळे मिटून खाल्ला. म्हणाली, "आई, गोड लागतंय गं." मी म्हटलं, माहेरची माती हाय.

१९ जुलै

कृष्णाबाईची अर्धी ऑर्डर झाली. केतन डाव्या हाताने ओततात. दिपाली पडवीच्या उंबऱ्यात बसून बापाशी गप्पा मारते. मी भांडी घासते, त्याच चुलीच्या राखेने. बाहेर पाऊस, आत ऊब. तिघं एका जागी. असे दिवस फार वर्षांनी आले.

२७ जुलै

दिपालीचं डोकं दुखतं. पोटातही दुखतं. गरोदरपणात असं होतंच. रोज थोडी माती मागते, मी देते. बाकी अन्नावर वासना नाही तिची.

५ ऑगस्ट

तीन तारखेला पहाटे कळा सुरू झाल्या. आठवा महिनाही पुरा नव्हता. अलिबागला नेलं.

मुलगी. दीड किलोला थोडी कमी. नऊ तास होती.

नातच होणार हे केतनना कळलं होतं.

७ ऑगस्ट

लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि लिहवतही नाही.

बाळाच्या कागदावर सही कोण करणार विचारलं, तेव्हा ओंकारराव औषध आणायला गेले होते. केतन पुढे झाले. पेन हातात राहीना. तीनदा पडलं. मग अंगठा दिला. तिथल्या डॉक्टर ऋतिका बघत होत्या. आमच्या दिपालीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, "काका, हात समोर धरा बघू." केतनचा हात मनगटातून खाली लोंबला. "कधीपासून असा?" मग पोटाचं विचारलं. मग त्यांनी तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी मारून हिरड्या बघितल्या.

"काम काय करता?"

"बॅटऱ्या."

"म्हणजे विकता? की उघडता?"

केतननी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. प्लेटा, कढई, गोळ्या, सगळं. कुठे करता विचारलं. मी म्हटलं, घरी, पडवीत.

त्यांनी नर्सला हाक मारली. मग आम्हा दोघांचं रक्त घेतलं. मुंबईला पाठवणार. म्हणाल्या, "रिपोर्ट येईपर्यंत मुलीला त्या घरी नेऊ नका. चूल पेटवू नका. कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा."

त्यांनी हळूच आणखी एक विचारलं. "दिपाली जेवणाशिवाय आणखी काही खात होती का? खडू, माती?"

मी म्हटलं, नाही.

का म्हटलं असं, मला ठाऊक नाही. तोंडातून गेलं.

९ ऑगस्ट

दिपालीला दवाखान्यातून थेट पेणला पाठवलं. बाळंतीण माहेरून सासरी सातव्या दिवशी, हे कुणी ऐकलं नसेल. मी सांगितलं, घराची कौलं गळतायत, बाबांची तब्येत बरी नाही. ओंकाररावांच्या आईने तोंडावर काही म्हटलं नाही, पण गाडीत पिशवी ठेवताना माझ्याकडे न बघताच ठेवली.

दिपालीने विचारलं, "आई, मना घरी का न्हाय नेत?"

"थोडे दिवस गं."

"माजी चूक झाली म्हनून?"

"वेडी का तू? कसली चूक?"

ती म्हणाली, "मी किहीमला येताना ओंकारच्या स्कूटीवरनं आले. तो गाडी करू म्हनत व्हता. मीच हट्ट केला, पाऊस न्हाय, स्कूटीवरनं जाऊ. सगला रस्ता खड्डे. पोटाला हिसके बसले."

"तसं काही नसतं," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

१४ ऑगस्ट

रिपोर्ट आला. केतनच्या रक्तात शिसं इतकं आहे की डॉक्टर ऋतिकांनी आकडा दोनदा वाचला. माझ्याही रक्तात आहे. त्यांच्याएवढं नाही, पण आहे.

केतननी विचारलं, "म्हंजे बॅटरीनं केलं?"

"बॅटरीने नाही, काका. बॅटरी बंद होती तोवर तिने काही केलं नाही. शिसं पेटीत असतं तोवर त्याचा त्रास नाही. ती फोडून, तापवून, त्याचा धूर आणि धूळ घरात..." 

मी विचारलं, पोटातल्या बाळाला? त्या म्हणाल्या, जातं. आईच्या रक्तातून थेट जातं. "आणि काकू, शिसं हाडांत साठून राहतं. बाई गरोदर राहिली की हाडांतून पुन्हा रक्तात येतं. दिपाली त्याच घरात वाढली ना?"

"बाळ त्यानेच गेलं का?"

"खात्रीने मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगणार. पण तिचं रक्त तपासायला हवं. लवकर. पुढचा विचार करण्याआधी उपचार करता येतात. तिला घेऊन या."

मी हो म्हटलं.

१६ ऑगस्ट

सकाळी उठले तर पडवीतून आवाज येत होता. केतन चूल फोडत होते. डाव्या हातात पहार धरून. नीट धरता येत नव्हती, घाव भलतीकडेच पडत होते. मी ओल्या पोत्याने माती गोळा करत गेले.  शेवटचं ढेकूळ निघाल्यावर ते तिथेच भुईवर बसले. म्हणाले, "दार लावून घे म्हनालीस तू."

खरं आहे. मी म्हटलं होतं. मी हो म्हटलं.

मग म्हणाले, "न्हाय. मीच व्हतो तिथं. मना कलायला पायजे व्हतं." आणि चांगल्या हाताने माझा पदर धरून बसून राहिले.

मातीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२२ ऑगस्ट

केतनना मुंबईला दाखल केलं. रक्तातलं शिसं बाहेर काढायचं औषध सुरू झालं. सुई दिली की मळमळतं. हात थोडा सुधारेल, पूर्ण नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ओंकाररावांना मी "नसेचा अशक्तपणा" सांगितलं. ते डबा घेऊन आले, बाबांची नखं कापून गेले. एवढ्या चांगल्या माणसाशी खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मलाच माझी भीती वाटली.

२९ ऑगस्ट

दिपालीचा फोन रोज येतो. आज म्हणाली, झोपेत खड्डा येतो आणि दचकून जाग येते. मी म्हटलं, राम राम म्हणून झोपत जा.

सांगायचं आहे. रोज ठरवते. पण ती आत्ताच कुठे दोन घास खातेय. मग वाटतं, थोडी सावरली की सांगू. मग वाटतं, सावरली की पुन्हा कशाला पाडायची? हे सगळं तिच्यासाठी आहे असं मी लिहिते, पण वही माझी आहे, इथे तरी खरं लिहावं. तिने विचारलं, "तुला कसं नाही कळलं?" तर, याचीच मला भीती वाटते. आणि पहिली माती मीच दिली. तिने मागितली नव्हती.

३ सप्टेंबर

केतन घरी आले. संध्याकाळी ओटीवर बसून म्हणाले, "लिथियम घे. ओंकारला सांग, घेतली एजन्सी. जुन्या बॅटऱ्या न फोडता कंपनीला परत द्यायच्या."

म्हणून आज बऱ्याच दिवसांनी ओंकाररावांचं पान उघडलं. "सुरक्षित. इतक्या वर्षांत कुणाला इजा नाही." माझंच अक्षर, चांगलं वळणदार. ते खोडायला पेन उचललं आणि थांबले. लिथियमच्या बाजूला तरी काय लिहू? ते कुठल्या मातीतून काढतात, कोण काढतं, त्यांच्या घरात काय होतं, मला काहीच ठाऊक नाही. ही पेटेल म्हणून मी भ्याले, कारण पेटलेलं दिसतं. एवढंच मला कळलंय. न दिसणाऱ्याला मी कधी भ्यालेच नाही.

खोडलं नाही. तसंच ठेवलं.

११ सप्टेंबर

दुपारी कृष्णाबाई आली. म्हणाली, "राहीबाय, आर्ध्याच गोल्या दिल्यास. दुसरं जालं तसंच पडलंय."

"आता करत नाय आम्ही."

"केतनचा हात मोडला म्हनं. आयकलं मी. बरं, मग साचा दे मना. पत्र्याचा तो. आनि प्लेटा पडल्या असतील त्या दे. माजी सून करील, घरीच बसलीय ती, वाकवत न्हाय तिला आता. पाचवा लागलाय."

मी म्हटलं, "साचा हरवला."

कृष्णाबाई हसली. "खुंटीवर हाय की. मना दिसतोय."

खरंच होता. पडवीतलं सगळं धुतलं, फोडलं, फेकलं आणि साचा खुंटीवरच राहिला होता.

"जाऊ दे," ती म्हणाली, "मी बाजूच्याकडून आनते. त्याच्याकडं बी हाय."

ती उठली. पायऱ्या उतरायला लागली. आणि मी हाक मारली. तिला परत बसवलं आणि सगळं सांगितलं. केतनचा हात, रक्त, चूल. आमची नात नऊ तास जगली ते तिला ठाऊक होतं, का ते ठाऊक नव्हतं. डॉक्टर खात्री देत नाहीत, हेही सांगितलं. मग मातीचंही सांगितलं. ते मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि ते मी थळच्या कोळणीला सांगितलं, टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या.

तिने पदर तोंडाला लावला. "माजी सून बी खाते गो. चुलीची." मग एकदम उठली. "आमी बी एकदा घरी वितलवलं व्हतं, मागल्या वर्साला. त्याच चुलीवर. जाते मी. सगल्यांना सांगते. कोलीवाड्यात एक चूल शिल्लक न्हाय ठेवत."

ती सांगणारच. सांगायलाच हवं. संध्याकाळपर्यंत थळ, उद्या किहीम, परवा कुणीतरी मासळी घेऊन पेणच्या बाजारात. दिपालीला बाजारात कळायच्या आधी मला पोचायला हवं.

केतन आतून ऐकत होते. बाहेर आले. मातीचं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "सकालची येष्टी पकड. मी येऊ?"

"नको."

"बरं."

१२ सप्टेंबर

अलिबागहून सकाळच्या एसटीने पेण. वडखळला गाडी अर्धा तास उभी होती. मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, आधी काय, मग काय. दार दिपालीनेच उघडलं. वेणी घातली नव्हती. मला बघून तिचा चेहरा इतका उजळला की जुळवलेलं सगळं गेलं.

घरी ती एकटीच होती. सासूबाई देवळात, ओंकारराव दुकानात. मी पाणीही न पिता सांगितलं. काही सोडलं नाही. पडवी मी सुचवली, तेही. माती मी हातात ठेवली, तेही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, तेही. उद्या रक्त तपासायला जायचं, बरं होता येतं, हे शेवटी सांगितलं.

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा मातीवरून काही बोलेल. ती माझ्या समोर भुईवर बसली होती, हाताने लादीवरची रेघ चोळत.

"तुला कवा कललं?"

"चौदा तारखेला. ऑगस्टच्या."

तिने मनात मोजलं. मी ते बघत होते.

मग ती उठली. म्हणाली, उद्या ओंकारसोबत जाईन रक्त द्यायला, तू येऊ नको. तिने मला चहा करून दिला. साखर बरोबर घातली होती. मी पिईपर्यंत ती खिडकीपाशी उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

जाताना दारात ती जे म्हणाली ते मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मला ते माझ्या सोयीने बदलता येणार नाही.

"आई, मी रोज तो रस्ता डोक्यात चालत व्हते. पेन ते किहीम. कुठला खड्डा, कुठला खड्डा. आनि तुला म्हाईत व्हतं."